मांजरसुंब्याचा चौक आणि कर्बकपातीचा हिशेब

धुळे-सोलापूर हमरस्ता बीड सोडून दक्षिणेकडे निघाला की थोड्याच वेळात घाट लागतो आणि तो चढून वाहन बालाघाटच्या पठारावर आले की मांजरसुंबा येते. गाव लहान, पण फाटा मोठा. उत्तरेकडून बीड, दक्षिणेकडून चौसाळा-धाराशिव, पूर्वेकडून नेकनूर-केज आणि पश्चिमेकडून पाटोदा अशा चार दिशांच्या वाटा येथे एकत्र येतात. मालमोटारींच्या रांगा, ढाब्यांच्या चुली, काळीपिवळीवाल्यांच्या आरोळ्या आणि एस.टी.ची वाट पाहणारी माणसे हे या चौकाचे रोजचे रूप आहे. जवळच मन्मथस्वामींचे कपिलधार आहे, तेव्हा यात्रेच्या दिवसांत गर्दीला भक्तीचीही जोड मिळते. पूर्वी दोनशे अकरा क्रमांकाचा असलेला हा राष्ट्रीय महामार्ग आता बावन्न क्रमांकाचा झाला आहे, चौपदरी झाला आहे, आणि त्यावरची वाहतूक त्या मानाने वाढली आहे.

वाहतूक आणि घरे यांतून वातावरणात जाणारा कर्बवायू कमी करण्याचे जे धोरण दिल्लीत व मुंबईत ठरते, त्याची परीक्षा घेण्यास या चौकाइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे वचन दिले. त्यानंतर योजनांची रांगच लागली. विजेची मोटार, विजेची बस, इंधनात इथेनॉल, छपरावर सौरपट्टी, डोंगरावर पवनचक्की, इमारतींसाठी ऊर्जासंहिता. यांपैकी कोणती गोष्ट मांजरसुंब्यापर्यंत पोहोचली, आणि पोहोचली ती कोणत्या रूपाने, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. धोरणाचे मोल घोषणेतल्या आकड्याने ठरत नसून ते ज्या माणसाच्या नावाने राबवले जाते त्याच्या पदरात काय पडले, यावरून ठरते.

सर्वांत आधी पोहोचली ती पवनचक्की. बालाघाटच्या या उघड्या माळांवर वारा भरपूर आणि जमीन हलकी, त्यामुळे पाटोदा, बीड, केज या तालुक्यांत गेल्या काही वर्षांत उंच मनोरे उभे राहिले. स्वच्छ विजेच्या निर्मितीस आक्षेप घेण्याचे कारण नाही. उलट ज्या जिल्ह्याला निसर्गाने पाणी देताना हात आखडला, त्याला वाऱ्याचे तरी धन लाभावे यात आनंदच आहे. परंतु जमिनीचे करार, रस्त्यासाठी फोडलेले बांध, तारांसाठी रोवलेले खांब आणि ठेकेदारीची साखळी या सर्वांतून गावात जे शिरले ते केवळ वीज नव्हते. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची अमानुष हत्या झाली. पवनऊर्जा प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी या प्रकरणाचा धागा तपास यंत्रणांनी आरोपपत्रात जोडला. न्यायालयाचा निर्णय काय व्हायचा तो होईल. पण ज्या योजनेच्या कागदावर कर्बकपातीचे टन मोजले जातात, तिच्या पायाशी गावातील कायदा व सुव्यवस्था कोणत्या थराला गेली आहे, याची नोंद करण्यास त्या कागदावर रकानाच नाही. आणि तयार झालेली वीज तारांवाटे दूर निघून जाते. मनोऱ्याखालच्या वस्तीवरचा दिवा मात्र भारनियमनाच्या वेळापत्रकानुसारच लागतो, अशी तक्रार या भागात नवी नाही.

येथे एक विचित्र योगायोगही ध्यानात घ्यावा. ज्या जिल्ह्यात हे मनोरे उभे राहिले, त्याच जिल्ह्यात परळीचे औष्णिक वीज केंद्र आहे. अडीचशे मेगावॉटचे तीन संच तेथे आहेत. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये हे केंद्र बंद ठेवावे लागले, ते कर्बवायूच्या चिंतेने नव्हे. केंद्राला द्यायला पाणीच उरले नव्हते. दुष्काळाने जे केले ते कोणत्याही जागतिक कराराने तोवर केले नव्हते. राखेचा प्रश्न तर आजही आहे आणि त्या राखेच्या वाहतुकीभोवती उभे राहिलेले अर्थकारण व दांडगाई जिल्ह्याला अपरिचित नाही.

आता रस्त्याकडे वळू. देशाच्या ऊर्जेपासून होणाऱ्या कर्बउत्सर्जनात वाहतुकीचा वाटा ढोबळमानाने आठवा हिस्सा आहे आणि त्यातील फार मोठा भाग रस्त्यावरच्या वाहनांचा आहे. म्हणून सरकारने विजेवरील वाहनांना उत्तेजन दिले, हे तर्काला धरून आहे. केंद्राची ‘फेम’ योजना २०१५ मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा २०१९ मध्ये, आणि त्यानंतर २०२४ मध्ये १०,९०० कोटी रुपयांची ‘पी.एम. ई-ड्राइव्ह’ योजना. हिच्यात विजेच्या १४,०२८ बसगाड्यांसाठी ४,३९१ कोटी ठेवले गेले. मात्र या गाड्या चाळीस लाखांहून अधिक वस्तीच्या नऊ शहरांसाठी. त्याआधी २०२३ मध्ये जाहीर झालेली दहा हजार बसगाड्यांची योजनाही मुख्यतः तीन लाखांवरील वस्तीच्या शहरांसाठीच होती. बीड शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत दीड लाखाच्या आत होती. मग मांजरसुंब्याचे नाव कोठे यावे!

राज्य शासनाचे २०२५ चे विद्युत वाहन धोरणही पाहावे. त्यानुसार विजेवर चालणाऱ्या मोटारींना व बसगाड्यांना समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू या तीन मार्गांवर पथकर माफ झाला. यांपैकी एकही मार्ग बीड जिल्ह्यातून जात नाही. सातशे एक किलोमीटरचा समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांना स्पर्श करतो, त्यांत शेजारचे जालना, छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर आहेत, बीड नाही. विजेची मोटार घेऊ शकणारा मनुष्य सवलत घेऊन नागपूरहून मुंबईला जातो. आणि त्याच राज्यात एस.टी.च्या तिकिटावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर आकारला गेला, जो देशातील सर्वांत जड करांपैकी एक मानला जातो. म्हणजे स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्याला शासन कर सोडते, आणि पन्नास जणांत दाटीवाटीने बसणाऱ्याकडून वसूल करते. पर्यावरणाच्या नावाने चाललेल्या धोरणात यापेक्षा उलटा न्याय शोधून सापडणार नाही.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे, साधे अंकगणित आहे. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कर्बवायू बाहेर पडतो. एस.टी.ची गाडी लिटरमागे पाच किलोमीटरच्या आसपास जाते. गाडीत चाळीस प्रवासी असले तर दरडोई दर किलोमीटरला तेरा-चौदा ग्रॅम येतात. विजेची मोटार किलोमीटरला साधारण ०.१५ युनिट वीज घेते. आपल्याकडील विजेचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग अजूनही कोळशापासून येतो, त्यामुळे युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कर्बवायू निघतो. मोटारीत दोघे बसलेले असले तर माणशी पन्नास ग्रॅमच्या पुढेमागे. म्हणजे धूर ओकणारी, खडखडणारी, काचा निखळलेली लाल गाडी भरलेली असेल तर ती नव्या कोऱ्या विजेच्या मोटारीहून चौपट स्वच्छ ठरते. अर्धी रिकामी असली तरीही ती दुपटीने सरस. देशाच्या वीजनिर्मितीक्षमतेतील निम्मा वाटा २०२५ मध्ये बिगरकोळसा-बिगरतेल स्रोतांचा झाला, ही खरी व अभिमानाची गोष्ट आहे. पण क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत अंतर आहे आणि मोटारीच्या बॅटरीत शिरते ती प्रत्यक्ष निर्माण झालेली वीज.

एस.टी.चा इतिहास या संदर्भात आठवण्याजोगा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरील पहिली गाडी सुरू झाली. प्रारंभ देखणा होता. पुढे ५,१५० विजेच्या गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला, पण गाड्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत आणि त्यावरून मंत्रालयातच वादंग झाले. दरम्यान, २०२१-२२ चा प्रदीर्घ संप झाला, कोरोनापूर्वी अठरा हजारांच्या घरात असलेला गाड्यांचा ताफा घटला, आणि २०२५ च्या जूनमध्ये महामंडळाची श्वेतपत्रिका निघाली तेव्हा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचे दिसले. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले होतेच. जी संस्था कर्बकपातीचे सर्वांत मोठे साधन ठरावी, तिलाच खर्चाच्या बाजूस ढकलून ठेवले गेले आहे.

आणि तरीही गंमत अशी की या राज्याने गेल्या काही वर्षांत कर्बकपातीचे सर्वांत परिणामकारक असे जे पाऊल टाकले, ते पर्यावरणाच्या नावाने टाकलेच नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट. हेतू राजकीय असेल, असो. पण त्यानंतर एस.टी.त स्त्रियांची गर्दी वाढली, हे कोणत्याही फाट्यावर उभे राहिले तरी दिसते. जर्मनीने २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने नऊ युरोत महिनाभर स्थानिक प्रवासाचे तिकीट दिले, तेव्हा जगभर त्याचा हवामान-धोरण म्हणून गौरव झाला. नेकनूरच्या बाजाराला अर्ध्या तिकिटात जाणारी बाई त्याच पंक्तीत बसते. तिच्या प्रवासाला तसे नाव मात्र कोणी दिलेले नाही.

याउलट फ्रान्सचे उदाहरण. तेथे २०१८ मध्ये इंधनावरील कर पर्यावरणाच्या कारणाने वाढवण्याचे ठरले, आणि पिवळी जाकिटे घातलेली माणसे चौकाचौकांत उतरली. ती माणसे बहुतांशी लहान गावांची होती. त्यांच्या गावातले रेल्वेस्थानक बंद झालेले, बस विरळ झालेली, मोटारीवाचून कामावर जाणे अशक्य, आणि त्याच मोटारीच्या तेलावर कर. सरकारला अखेर माघार घ्यावी लागली. युरोपीय संघाने घरे व रस्ता-वाहतूक यांच्या इंधनासाठी २०२३ मध्ये संमत केलेली कर्बव्यापाराची नवी पद्धत २०२७ वरून पुढे ढकलण्याचे २०२५ मध्ये ठरवले, त्यामागेही हीच धास्ती आहे. आधी पर्याय, मग कर, हा क्रम चुकला की चांगले धोरणही लोकांना शत्रूसारखे वाटू लागते.

पर्याय म्हटला की रेल्वेचा विषय टाळता येत नाही. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मंजूर झाला. निम्मा खर्च राज्याने उचलण्याचे ठरले. आष्टीपर्यंत गाडी धावली ती सप्टेंबर २०२२ मध्ये. बीडला पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी. परळीकडचा उरलेला मार्ग त्या दिवशीही अपुराच होता. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तिशीचे झाले, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी इंजिनाची शिट्टी ऐकू आली. या तीस वर्षांत कापूस, सोयाबीन, ऊस, सिमेंट आणि माणसे यांची जी वाहतूक रस्त्याने झाली, तिचा धूर कोणत्या खात्यावर मांडायचा? रेल्वे उशिरा येणे हा केवळ विकासाचा अनुशेष नसून तो कर्बाचाही अनुशेष आहे.

घरांच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. २०१८ मध्ये केंद्राने निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. ती पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील बांधकामांसाठी. २०२२ मध्ये ऊर्जासंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि निवासी इमारतीही कक्षेत आल्या, पण शंभर किलोवॉट जोडभाराच्या पुढील. घरकुल योजनेतील घर पंचवीस चौरस मीटरचे असते. संहितेच्या भाषेत ते घर अस्तित्वातच नाही. वास्तविक देशात सर्वाधिक संख्येने बांधली जाणारी घरे हीच आहेत. २०१६ पासून चाललेल्या या योजनेत सपाट प्रदेशातील कुटुंबाला एक लाख वीस हजार रुपये मिळतात. त्या रकमेत विटा, सिमेंट, लोखंड, आणि वर एक तर काँक्रीटची पातळ स्लॅब, नाही तर पत्रा. बालाघाटच्या पठारावर एप्रिल-मेच्या दुपारी अशा छपराखाली बसून पाहावे. रात्री दहालाही भिंत हाताला गरम लागते.

मराठवाड्याचे जुने घर असे नव्हते. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या वा काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर, असे हे माळवद उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहत असे. त्यात सिमेंटचे पोते नव्हते, आणि सिमेंट हा तर जगाच्या एकूण कर्बउत्सर्जनातील सुमारे सात-आठ टक्क्यांचा धनी. तेव्हा पुन्हा माळवदाकडे वळा, असा उपदेश शहरातील पर्यावरणप्रेमी सहज करतात. त्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवत नाही. किल्लारीच्या त्या भूकंपात जी आठ-दहा हजार माणसे गेली, त्यांतील बहुतेक स्वतःच्याच घराच्या दगडांखाली आणि माळवदाच्या मातीखाली गेली. त्या रात्रीनंतर मराठवाड्याच्या मनातून दगडमातीचे घर उतरले ते कायमचे. पत्र्याखाली उकडते हे बाईला कळत नाही असे नाही. पत्रा अंगावर पडला तर जीव वाचतो, हेही तिला कळते. हवामानाचा हिशेब मांडणाऱ्याने ही भीती खर्चाच्या बाजूस धरली पाहिजे.

अर्थात तिसरा मार्ग नाही असे नव्हे. किल्लारीनंतर तज्ज्ञांनी जुन्या भिंतींत आरपार दगड बसवणे, वरून बंधपट्टी फिरवणे, छपरावरील मातीचा भार कमी करणे असे उपाय सुचविले होते. परळीची राख जिल्ह्यातच आहे. तिच्या विटा घरकुलासाठी रास्त दराने मिळाव्यात अशी व्यवस्था करणे अवघड नाही, राखेची मक्तेदारी मोडण्याची इच्छा असेल तर. छपरावर चुन्याचा पांढरा हात मारणे हा तर काही शे रुपयांचा उपाय. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे पाच वर्षांचे धोरणच जाहीर केले. महाराष्ट्राच्या घरकुलात छपराचा रंग कोणता असावा, हे कोणी ठरवलेले नाही.

राज्याने २०२५ मध्ये घरकुलाच्या अनुदानात पन्नास हजारांची भर घातली आणि तीत पंधरा हजार छपरावरील सौरसंचासाठी राखले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. केंद्राच्या ‘सूर्यघर’ योजनेत एका किलोवॉटला तीस हजार रुपये मिळतात, त्याला ही जोड. पण संच बसवायचा कशावर? पत्र्यावर बसवलेला संच वळवाच्या वावटळीत टिकावा लागतो. आणि ज्या घरात दोन दिवे, एक पंखा आणि एक दूरचित्रवाणी संच एवढाच वापर आहे, त्या घराचे उत्सर्जन कमी करून देशाच्या हिशेबात किती भर पडणार? त्या घराला संच हवा तो कर्बकपातीसाठी नव्हे, मे महिन्यात पंखा फिरावा म्हणून. हे कारण कमी योग्यतेचे मुळीच नाही. फक्त ते प्रांजळपणे सांगितले जावे.

शेवटी उसाची गोष्ट, कारण बीडची कोणतीही गोष्ट उसाला वळसा घालून जाऊ शकत नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट २०२५ वर आणले गेले आणि ते साध्यही झाले. तेलाची आयात घटली, कर्बवायू घटला, कारखान्यांना पैसा मिळाला, असे सांगितले जाते. दुष्काळाच्या छायेत डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करण्यावर काही काळ निर्बंध आले, एवढाच काय तो खंड. या इथेनॉलचा काही भाग तरी ज्या उसापासून होतो, तो ऊस बीडच्या कोयत्याने तुटतो. दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन मालमोटारींत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत, बैलांच्या टायरगाड्यांसह पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा त्यांचा हिशेब. या घाटवाटांवरून आणि या चौकातून त्या दिवसांत संसार लादलेल्या ट्रॉल्या जातात: वर भांडी, अंथरुणे, शेळी, मुले आणि म्हातारी.

मागे उरते ते घरकुल पाच-सहा महिने कुलूपबंद असते. त्याच्या छपरावरचा सौरसंच, बसवलेला असेल तर, कोणाच्याही पंख्याला वीज न देता ऊन खात राहतो. पुढे कारखान्याच्या माळावर उसाच्या पाचटाची आणि ताडपत्रीची कोपी उभी राहते. तीत वीज नसते, पाणी टँकरने येते, स्वयंपाक तीन दगडांच्या चुलीवर होतो. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर गावच्या पत्त्यावर असतो. निवासाच्या कोणत्याही संहितेत कोपीची व्याख्या नाही. वाहतुकीच्या कोणत्याही धोरणात ट्रॉलीत बसलेल्या मुलाला प्रवासी म्हटलेले नाही. इथेनॉलच्या लिटरमागे किती कर्बवायू वाचला, हे सांगणाऱ्या तक्त्यात तो रोज पहाटे फडाकडे जाण्यासाठी उठतो, याचीही नोंद नाही.